केस आपले, हक्कही आपला



गटाच्या बैठकीत परवा केसांचा विषय निघाला. कुणाचे पिकलेले, कुणाचे विरळ, कुणाचे कुरळे. जी ती आपल्याच केसांना नावं ठेवत होती. तेव्हा आम्ही ही जुनी गोष्ट सांगितली.

एके काळी, विशेषतः ब्राह्मण घरांत, नवरा वारला की बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत. याला केशवपन म्हणत. कोवळ्या वयाच्या विधवासुद्धा यातून सुटत नसत. केस वाढले की पुन्हा वस्तरा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव एकत्र आले. विधवांचे केस आम्ही कापणार नाही, असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच नकार दिला!

म्हणजे डोक्यावर केस असणं हीसुद्धा लढून मिळालेली गोष्ट आहे. मग ते पांढरे आहेत म्हणून लाजायचं कशाला?

केसांना फार काही लागत नाही. रिठा, शिकेकाई रात्री भिजवा, सकाळी उकळून गाळा आणि त्या पाण्यानं न्हा. डोळे तेवढे सांभाळा. ओले केस ओढून विंचरू नका.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आमच्या गटानं ठराव नाही केला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या ताईंनाही बोलावलं आणि गजरा पुढे केला. एक ताई बराच वेळ तो हातातच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माळा गं कुणीतरी."