साडेसात तोळे, साडेबावन्न तोळे

जकात म्हटलं की मराठी माणसाला शहराच्या वेशीवरचा जुना जकात नाका आठवतो. शब्द तोच, पण मुसलमानाच्या घरातली जकात म्हणजे त्याच्या धनातला गरिबाचा हक्क. चांद्रवर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा, सोन्याचांदीचा चाळिसावा भाग, शेकडा अडीच. हा हिशेब सोपा. अवघड प्रश्न आधीचा : देणारा कोण?

त्यासाठी एक किमान मर्यादा आहे. तिला निसाब म्हणतात. वीस दिनार सोनं किंवा दोनशे दिरहम चांदी. पैगंबरांच्या काळी अरबांचं स्वतःचं नाणं नव्हतं. सोन्याचा दिनार रोमी साम्राज्यातून येई, चांदीचा दिरहम इराणातून. एका दिनाराला साधारण दहा दिरहम मिळत. म्हणजे दोन्ही मर्यादा जवळपास सारख्याच. पुढे खलिफा अब्दुल मलिक यांनी 696-97 च्या सुमारास स्वतःची नाणी पाडली. दहा दिरहमांचं वजन सात दिनारांइतकं, हे प्रमाण रूढ झालं. हिंदुस्थानात त्याचे तोळे झाले : साडेसात तोळे सोनं, साडेबावन्न तोळे चांदी. एकास सात!

वजनं तीच राहिली, भाव मात्र फिरले. 1870 नंतर युरोपातल्या देशांनी सोन्याचं चलन धरलं आणि चांदी कोसळली. आपल्या काळात सोनं बहुतेक वर्षे चांदीच्या पन्नासपट किंवा त्याहूनही महाग राहिलं आहे. एकेकाळी जोडीनं चालणाऱ्या दोन मर्यादांत सातपटींहून अधिक अंतर पडलं.

याचा फटका कुणाला? समजा, एका विधवेकडे दोन तोळे सोनं आहे. नुसतं सोनं असेल तर तिला जकात नाही. पण सोबत थोडी रोख शिल्लक असली की हनफी मतानुसार दोन्हींची एकत्र किंमत धरतात, ती चांदीच्या मापानं मोजतात आणि बाई देणाऱ्यांत जाते. इतकंच नव्हे, तिला जकात घेताही येत नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्या मते नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकातच नाही. आपल्याकडचे बहुतेक उलेमा चांदीचं माप धरतात, कारण त्यानं देणारे वाढतात. इजिप्तचे विद्वान यूसुफ करजावी यांनी मात्र सोन्याच्या मापाचा पुरस्कार केला.

मी कवी माणूस, फतवा देणं माझं काम नव्हे. पण इतिहास वाचून एवढं जाणवतं, की ज्यांनी ही वजनं ठरवली त्यांच्यासमोर तराजू नव्हता, माणूस होता. खाऊनपिऊन ज्याच्याकडे उरतं त्यानं द्यावं, नाही त्यानं घ्यावं. म्हणून ज्याचं सुखानं चाललं आहे, त्यानं स्वतःला चांदीनं मोजावं. दारात उभ्या असलेल्या विधवेला मोजताना मात्र तिच्या कानातल्या फुलांचा भाव विचारू नये. तिची चूल पेटली का, ते विचारावं.