लोणार : ज्वालामुखी ठरवलेले गाव

मुरगावच्या पठारावर पायाखाली तांबडा जांभा असतो आणि आपली जुनी घरेही त्याच्याच चिऱ्यांची. काळा पाषाण पाहायचा तर आपण तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला जातो. कदंबकालीन त्या देवळाचा दगड घाटावरून आणला, असे सांगतात. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. घाट चढून त्याच दगडाच्या मुलखातून दूर बुलढाणा जिल्ह्यात गेलात, तर लोणार हे शांत, लहानसे गाव लागते. त्याच्या कडेलाच जमीन एकाएकी संपते. खाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटर खोल विवर आणि तळाशी हिरवट खारे पाणी.

'ऐने अकबरी'त लोणार येते ते काच आणि साबणाच्या सामग्रीमुळे. सरकारला त्यातून महसूल मिळे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतेक जाणकार त्याला ज्वालामुखीचेच तोंड मानत आले. त्यांना हसण्याचे कारण नाही. चहूकडे लाव्हा आणि मधोमध गोल खड्डा, मग दुसरे काय सुचणार? पण दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मुख्यतः लांबलचक भेगांतून पसरला. विवर त्या मानाने कालचे. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' नियतकालिकात पुरावा मांडला: इथल्या खडकातील फेल्डस्पारचे कण उष्णतेने वितळून नव्हे, तर प्रचंड धक्क्याने काचेसारखे झाले आहेत. असा धक्का ज्वालामुखी देत नाही. आकाशातून कोसळलेली उल्का देते.

गावाची कथा अशी की, लवणासुर भुयारात लपून राही. विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. कथेतला आघातही वरूनच होतो, म्हणून पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता असे म्हणणारे भेटतील. ही ओढाताण आहे. खड्डा, खारट पाणी आणि देव यांची सांगड कथेने घातली, एवढेच. आणि तेवढ्यासाठीही ती ऐकण्याजोगी आहे.

त्या विष्णूचे, दैत्यसूदनाचे, देऊळ गावातच आहे. तेही काळ्या पाषाणाचे. सुर्ल्याचे देऊळ पाहिलेल्याला दगड ओळखीचा वाटेल. ते आधी पाहा आणि मग विवराच्या काठावरच्या धारेवर जा. तिचे पाणी गोडे आहे. विवराचे वय मात्र अजून ठरलेले नाही. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षे येते, तर दुसरीने पावणेसहा लाखांच्या आसपास.