टाकळीच्या दगडातले तळे

नागपुरात जलचरांची शिकवण दगडातून सुरू झाली. कोकणातल्या मुलांना ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यांत खेकडे, शंख-शिंपले जिवंत पाहता येतात. नागपूरच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेले पाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच आटलेले आहे.

1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह शहराभोवतीचा प्रदेश धुंडाळला. टाकळी येथे आणि सीताबर्डीच्या टेकडीत त्यांना काळ्या पाषाणाच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा पातळ थर दिसला. लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर सखल जागी पावसाचे पाणी साचले, तळी झाली, त्यांत गोगलगायी आणि शिंपले वाढले. पुढच्या लोटाने सारे झाकून टाकले. भूशास्त्रज्ञ अशा मधल्या थरांना आंतर-ट्रॅपी म्हणतात. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या थरातली फायसा ही गोगलगाय शिकणाऱ्यासाठी फारच उपयोगी. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर त्याचे तोंड डावीकडे येते. तिच्यासोबत सापडणाऱ्या लिम्नियाचे उजवीकडे. एवढी ओळख हातात दगड घेतल्याशिवाय पक्की होत नाही, चित्रावरून तर नाहीच. दोन्ही गोगलगायी उथळ, गोड्या पाण्यात राहणाऱ्या. म्हणून जिथे त्या सापडतात तिथे तळे होते, असा निष्कर्ष हातोडी आणि भिंग एवढ्या साधनांवर विद्यार्थ्याला स्वतः काढता येतो.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, स्थापन झाले. पुढे 1906 मध्ये शासकीय विज्ञान महाविद्यालय निघाले आणि जीवाश्मांचा अभ्यास वर्गाशी जोडला गेला. तिथले व्ही. बी. शुक्ल यांनी 1944 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलानच्या जीवाश्म फुलाचे वर्णन करून त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींच्या नावावरून ‘साहनिअँथस’ असे नाव दिले. त्या परिसरातच पाण्यावर तरंगणाऱ्या अझोला या नेच्याचे अवशेषही मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या सहली मोहगावकडे वळल्या, हे स्वाभाविकच होते.

टाकळी आता शहरात सामावली आहे. थर उघडा दिसेल अशी जागा तिथे क्वचितच उरली, आणि ही हानी मोठी आहे, कारण घराजवळचा धडा गेला.

छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिलीच्या थरात मात्र निराळाच पुरावा हाती आला. तिथल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या जीवांची सूक्ष्म कवचे आढळल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून समुद्राचा फाटा मध्य भारतात शिरला होता असे मांडले. ही कवचे भिंगाने दिसत नाहीत. गाळ धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागतात.