चूल, मूल आणि मैदान

दिवाळी सरली आणि पहाटे अंगावर शिरशिरी येऊ लागली, की घरोघरी एक संकल्प सोडला जातो : ‘उद्यापासून धावायला जायचे!’ अडगळीतले बूट झटकले जातात, घड्याळाला गजर लावला जातो. चार दिवस हे व्रत मोठ्या निष्ठेने चालते. पाचव्या दिवशी दव फार पडलेले असते, सहाव्या दिवशी पाहुणे येतात, आणि सातव्या दिवशी बूट पुन्हा अडगळीत जाऊन बसतात. हा संकल्प घरातल्या आईने सोडलेला असला तर त्याचे आयुष्य आणखी थोडे. कारण पहाटेची वेळ तिच्या मालकीची नसतेच. डबा, दूध, पाणी आणि मुलांची शाळा यांनी ती आधीच वाटून घेतलेली असते.

एकदा सुटलेले धावणे माणूस पुन्हा धरतो तरी कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की खेळांच्या इतिहासात एका बाईपाशी थबकावे लागते. ती हॉलंडची, म्हणजे आपल्या बखरींतल्या वलंदाजांच्या देशाची. नाव फॅनी ब्लँकर्स-कुन. माहेरची फॅनी कुन.

फॅनीचा जन्म २६ एप्रिल १९१८ चा. लहानपणी तिला पोहण्याचा नाद फार. पण हॉलंडमध्ये पट्टीच्या पोहणाऱ्या मुली पुष्कळ. तेव्हा तिच्या पोहण्याच्या शिक्षकानेच तिला धावण्याकडे वळण्याचा सल्ला दिला. १९३५ साली ती मैदानावर उतरली आणि त्याच वर्षी तिने ८०० मीटर धावण्याचा राष्ट्रीय विक्रम मोडला. परंतु ऑलिंपिकमध्ये या अंतराची शर्यत बायकांसाठी नव्हतीच. १९२८ साली ती एकदा झाली आणि एवढे अंतर स्त्रियांना झेपत नाही, असे ठरवून बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडावे लागले. त्या काळी बायकांच्या धावण्याकडे शहाणीसुरती माणसेही कोणत्या नजरेने पाहत, हे यावरून ध्यानात यावे.

१९३६ साली अठरा वर्षांची फॅनी बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली. उंच उडीत ती सहावी आली, रिले शर्यतीत तिचा संघ पाचवा आला. पदक मिळाले नाही. तिने जपून घरी आणली ती जेसी ओवेन्सची सही. चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या त्या काळ्या अमेरिकन धावपटूची सही तिला प्राणापलीकडे प्रिय होती. पुढच्या खेपेला आपणही, असे तिने मनाशी म्हटले असेल तर नवल नाही.

पण ती पुढची खेप आलीच नाही. महायुद्ध पेटले. १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले, १९४४ चेही झाले. हॉलंडवर जर्मन फौजा चालून आल्या. बाविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी, म्हणजे धावपटूच्या ऐन उमेदीत, फॅनीपुढे गाठायला मुक्कामच उरला नाही. १९४० च्या ऑगस्टमध्ये तिचे लग्न झाले ते तिच्याच शिक्षकाशी, यान ब्लँकर्सशी. हे गृहस्थ एके काळी स्वतः ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत उतरलेले; आणि गंमत अशी, की बायकांनी स्पर्धेत उतरू नये असे त्यांचे आरंभीचे मत होते! युद्धकाळात पहिला मुलगा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी गृहीत धरले की फॅनीचे धावणे संपले. काही आठवड्यांतच ती मैदानावर परतली. १९४३ साली तिने उंच उडीत १·७१ मीटर आणि लांब उडीत ६·२५ मीटर असे जागतिक विक्रम केले. शत्रूच्या टाचेखालचा देश, अन्नाची टंचाई, आणि समोर एकही मोठी स्पर्धा नाही! तरी तिचा सराव सुटला नाही.

युद्ध संपले, मुलगी झाली, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १९४६ साली, ती ऑस्लोला युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. शंभर मीटरच्या उपान्त्य शर्यतीत पडली. पण अडथळ्यांची शर्यत आणि रिले या दोहोंत तिने सुवर्णपदक मिळवले. तिचा सराव फार मोठा होता असे कुणी समजू नये. आठवड्यातून दोनदा ती मैदानावर जाई, आणि मुलांना बरोबर नेई. उरलेल्या वेळी स्वयंपाक, धुणे, शिवण हे कुठल्याही घरातल्या बाईला चुकत नाही ते सर्व होतेच.

१९४८ साली लंडनचे ऑलिंपिक आले तेव्हा फॅनी तिशीची होती. तिला पत्रे येऊ लागली. मुलांना टाकून आखूड विजार घालून धावण्यापेक्षा घरी बसावे, असा उपदेश त्यांत असे. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी तर तिचे वय उलटून गेले असे लिहून टाकले. यानने हे टोचणारे वाक्य हेरून ठेवले. पत्नी सरावात ढिली पडली, की तो तिला मुद्दाम तिच्या वयाची आठवण करून देई. मग बाई चिडे आणि धावे! इरेला पडलेले मन पायांत किती जोर आणते, हे शाळेच्या पटांगणावर मुलांच्या शर्यती लावणारा कोणताही शिक्षक सांगेल.

शंभर मीटर तिने चिखलातून ११·९ सेकंदांत जिंकली. दोनच दिवसांनी ऐंशी मीटर अडथळ्यांची शर्यत झाली. ती आणि इंग्लंडची मॉरीन गार्डनर अगदी लागोपाठ पोचल्या. निकाल छायाचित्रावरून लागायचा होता. तेवढ्यात बँडवर इंग्लंडचे राष्ट्रगीत सुरू झाले. आपण हरलो, असे फॅनीला वाटले. पाहते तो राजेसाहेब मैदानात आले होते, त्यांना ती सलामी होती. पदक तिचेच होते.

आणि मग जे घडले ते माझ्या मते या साऱ्या कथेचे मर्म आहे. दोन सुवर्णपदके गळ्यात असताना, दोनशे मीटरच्या उपान्त्य शर्यतीआधी फॅनीचा धीर सुटला. मुलांची आठवण अनावर झाली, शरीर थकले होते. आता धावायचे नाही, घरी जायचे, असे म्हणून ती रडू लागली. इथे चिडवण्याचा उपाय चालणारा नव्हता, हे यानने ओळखले. नको असेल तर धावू नकोस, पण पुढे तुला हळहळ वाटेल, एवढेच त्याने शांतपणे सांगितले. ती मनसोक्त रडली, डोळे पुसले आणि मैदानात गेली. अंतिम शर्यत तिने दुसरीपेक्षा तब्बल ०·७ सेकंदांनी आधी संपवली. दुसऱ्या दिवशी रिलेचे चौथे पदक आले. एका खेळाडूला तीनच वैयक्तिक शर्यतींची मुभा होती, म्हणून दोन्ही उड्या तिला सोडाव्या लागल्या होत्या. त्या ज्यांनी जिंकल्या त्यांच्या उड्या तिच्या विक्रमांहून कमीच भरल्या.

ॲम्स्टरडॅममध्ये चार पांढऱ्या घोड्यांच्या उघड्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली. शेजाऱ्यांनी तिला सायकल भेट दिली. हेतू हा, की बाईंना आता इतके धावावे लागू नये! आपण जोरात धावलो एवढेच, त्याचा इतका गाजावाजा कशाला, असे तिला वाटे.

१९५२ साली हेलसिंकीत मात्र दुखण्याने गाठले. अंगावर गळू उठले होते. अडथळ्यांची शर्यत तिला मध्येच सोडावी लागली. त्याच ऑलिंपिकमध्ये मुंबईची मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष या दोघी भारताकडून धावल्या. ऑलिंपिकच्या धावण्याच्या शर्यतीत भारतीय स्त्रीने पाऊल ठेवले ते तेव्हाच. आपल्या खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे ते हेलसिंकी आपल्याला ठाऊक असते; या दोघींचीही आठवण ठेवायला हरकत नाही. फॅनी त्यानंतरही खेळत राहिली आणि १९५५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, निवृत्त झाली. १९९९ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तिला शतकातील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू ठरवले. २५ जानेवारी २००४ रोजी ती वारली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. तिला पुन्हा पुन्हा मैदानावर नेले कशाने? ओवेन्सच्या सहीने, चिडलेल्या मनाने, पदकाच्या आशेने? ही सारी कारणे आपापल्या वेळी उपयोगी पडली आणि आपापल्या वेळी संपलीही. युद्धात आशा नव्हती, दोनशे मीटरच्या दिवशी चीडही उरली नव्हती. आरंभापासून शेवटपर्यंत टिकले ते दोनच : आठवड्यातले ठरलेले दिवस, आणि ते दिवस तिचे आहेत हे मान्य करणारे घर. उत्साह हा पाहुण्यासारखा. येईल तेव्हा यावा, पण त्याची वाट पाहत चूल विझवून बसू नये.

म्हणून या दिवाळीनंतर आपल्या घरातले कुणी, विशेषतः घरातली आई, धावायला जायचे म्हणाली, तर तिला आरोग्याचे फायदे ऐकवत बसू नये. तेवढा अर्धा तास दुधाच्या पातेल्यावर आपण लक्ष ठेवावे.