रास्त व किफायतशीर दर (एफआरपी)

केंद्र सरकारने ऊस उत्पादकासाठी ठरवलेला किमान दर. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातील २००९च्या दुरुस्तीने तो वैधानिक किमान किमतीच्या जागी आला. गडहिंग्लज तालुक्यात हरळी येथे आप्पासाहेब नलवडे सहकारी साखर कारखाना असून, या परिसरातील ऊसकरी शेतकऱ्याचे वर्षाचे गणित याच दरावर उभे असते. दर उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीशी, बांधलेला आहे : २०२५-२६च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये ठरले. त्यामुळे सव्वाबारा टक्के उतारा धरल्यास टनाला ४,२४२ रुपये होतात, मात्र त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होत असल्याने हाती पडणारी रक्कम बरीच कमी असते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्याला वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. कोल्हापूर जिल्ह्यातील बरीच ऊस आंदोलने या थकबाकीवरून व पहिल्या उचलीवरून, म्हणजे पहिल्या हप्त्यावरून, पेटली.

१९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवलार’ या शिक्क्याने सुरू झालेला कॉफीचा न्याय्य व्यापार एफआरपीच्याच जातीचा, पण कायद्याऐवजी ग्राहकाच्या पसंतीवर चालणारा आहे. त्यात धुतलेल्या अरेबिकाला २०२३पासून पौंडामागे किमान १.८० डॉलर किंवा बाजारभाव, यांपैकी जो जास्त असेल तो, आणि वर २० सेंट सामुदायिक निधी मिळतो. हा निधी कशावर खर्चायचा, हे उत्पादकांची संस्था स्वतः ठरवते. एफआरपीत अशी तरतूद नाही.