सागरी पवनक्षेत्रांभोवतीच्या नौवहन-जोखमीचे मूल्यमापन

समुद्रात पवनचक्क्या उभारल्याने जहाजांच्या ये-जा करण्याला कोणते धोके निर्माण होतील, ते घडण्याची शक्यता किती आणि ते आटोक्यात कसे ठेवता येतील, याचा प्रकल्पाच्या परवानगीपूर्वी होणारा अभ्यास. चक्क्यांची मांडणी बदलायची की जहाजांचा मार्ग सरकवायचा, हे त्यावरून ठरते. हे शास्त्र मुख्यतः उत्तर समुद्रात घडले. अत्यंत वर्दळीचे जलमार्ग आणि दाट पवनक्षेत्रे तिथे एकमेकांना खेटून आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम ६० नुसार किनारी देशाला आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशी बांधकामे करता येतात आणि त्यांभोवती ५०० मीटरपर्यंतचा सुरक्षा-पट्टा आखता येतो. मात्र आंतरराष्ट्रीय नौवहनासाठी आवश्यक असलेल्या मान्य सागरी मार्गांत त्यांची आडकाठी होता कामा नये. ब्रिटनमध्ये सागरी व तटरक्षक संस्थेची ‘एमजीएन ६५४’ ही २०२१ ची सूचना प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार त्या भागातल्या वाहतुकीची किमान २८ दिवसांची पाहणी करावी लागते आणि तीत ऋतुमानाप्रमाणे होणारा फरक यावा लागतो. जहाजाची ओळख व ठिकाण आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेच्या नोंदी पुरेशा मानल्या जात नाहीत. रडार आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी केलेली टेहळणीही हवी. ही अट मोलाची आहे. एआयएसची आंतरराष्ट्रीय सक्ती मुख्यतः मोठ्या आणि प्रवासी जहाजांना आहे. लहान मासेमारी नौका आणि शिडाच्या होड्या त्या नोंदींत बरेचदा दिसतच नाहीत, आणि पाहणीत जी नौका सुटली तिची जोखीम पुढच्या गणितात शून्य धरली जाते.

जलमार्गाची कड आणि चक्क्या यांच्यातल्या अंतरासाठी याच सूचनेत एक कोष्टक आहे. अर्ध्या सागरी मैलाहून (सुमारे ९२६ मीटर) कमी अंतर असह्य मानले जाते. ३.५ मैलांपलीकडे जोखीम सर्वसाधारणपणे मान्य होते. मधल्या पट्ट्यात ती शक्य तितकी कमी केल्याचे दाखवावे लागते, आणि खरा वाद याच पट्ट्यात होतो. विकासकाला जागा हवी असते, कप्तानाला वळायला पाणी हवे असते. समोरून येणाऱ्या जहाजाला टाळण्यासाठी कप्तान उजवीकडे वळू पाहतो. त्याच बाजूला चक्क्यांची रांग असेल, तर नियम पाळायलाच वाव उरत नाही.

रडारची अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. चक्कीचा पोलादी मनोरा रडारची लहर इतक्या जोराने परतवतो, की पडद्यावर खऱ्या खुणेबरोबर खोट्या खुणाही उमटतात. त्या घालवण्यासाठी अधिकारी रडारची संवेदनशीलता कमी करतो. खोट्या खुणा जातात, पण त्यांच्याबरोबर चक्क्यांमधून बाहेर पडणाऱ्या छोट्या बोटीची क्षीण खूणही जाऊ शकते. ब्रिटनमधील नॉर्थ हॉइल आणि केंटिश फ्लॅट्स येथील चाचण्यांत हे परिणाम तपासले गेले.

इंजिन चालू असलेल्या जहाजापेक्षा इंजिन बंद पडून वाहवत जाणारे जहाज हा मूल्यमापनाचा अधिक कठीण भाग. ३१ जानेवारी २०२२ रोजी कोरी वादळात नेदरलँड्समधील आयमाउडेनसमोर नांगरलेल्या ‘ज्युलिएटा डी’ या मालवाहू जहाजाचा नांगर धरेना. ते ओढले जाऊन ‘पेचोरा स्टार’ या टँकरवर आदळले. इंजिनघरात पाणी शिरले, १८ खलाशांना हेलिकॉप्टरने उचलण्यात आले आणि रिकामे जहाज वाऱ्यावर निघाले. ते हॉलंडसे कुस्ट झाउड या बांधकाम चालू असलेल्या पवनक्षेत्रात शिरून एका चक्कीच्या पायावर धडकले. पायावर चक्की अजून चढली नव्हती. अखेर टगबोटींनी दोर टाकून ते रॉटरडॅमला नेले. सुरक्षा-पट्टा, दिवे, नकाशावरची खूण यांतले काहीही माणूस नसलेल्या जहाजाला थांबवू शकत नाही. दोन सागरी मैल दूर बंद पडलेले जहाज ताशी दोन मैलांनी सरकले, तर मदतीला एकच तास मिळतो. टगबोट त्या तासात पोहोचेल का, हा प्रश्न म्हणूनच मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी हवा. परिशिष्टात ढकलण्याजोगा तो नाही. नेदरलँड्सने पवनक्षेत्रांजवळ आणीबाणीची ओढ-जहाजे ठेवली आहेत.

माणसाच्या हातून होणारी चूकही राहतेच. एप्रिल २०२३ मध्ये ‘पेट्रा एल’ हे मालवाहू जहाज जर्मनीच्या गोडे विंड १ क्षेत्रातील चक्कीवर आदळले. बाजूला मोठे भगदाड पडूनही ते स्वतःच्या बळावर एम्डेनला पोहोचले.

नियंत्रणाचे बाकी उपाय सरळ आहेत : मनोऱ्याचा खालचा भाग पिवळा रंगवणे, कडेच्या चक्क्यांवर पिवळे लुकलुकते दिवे, उधाणाच्या सरासरी भरतीपातळीपासून पात्याच्या टोकापर्यंत किमान २२ मीटर मोकळी जागा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स व ऱ्होड आयलंडसमोरच्या क्षेत्रांसाठी चक्क्यांमध्ये एक सागरी मैल अंतराची एकसारखी जाळी सुचवली. सरळ रांगा मच्छीमारांना आणि शोध-बचावाच्या हेलिकॉप्टरलाही उपयोगी पडतात.

भारताने सागरी पवनऊर्जेचे धोरण २०१५ मध्ये आखले. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मुंबईच्या समुद्राने स्थिर बांधकामाला धडकण्याची किंमत आधीच मोजली आहे. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय तेलक्षेत्राच्या फलाटाला धडकून वायुवाहिनी फुटली आणि आगीत २२ जणांचा बळी गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ या निवासी बार्जचे नांगर तुटले, तो वाहवत जाऊन निर्मनुष्य फलाटावर आदळला आणि बुडाला. साठहून अधिक माणसे गेली. गुजरातकडच्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांहून अधिक होतो आणि प्रवाह अतिशय वेगवान असतो. म्हणून उत्तर समुद्रातली अंतरे तिथे जशीच्या तशी लावता येणार नाहीत. वाहवत जाण्याची दिशा व वेग पावसाळी वारा आणि भरतीची ओढ धरून नव्याने मोजावे लागतील, आणि लाकडी मासेमारी बोटींची गणती तांडेलांना विचारून, बंदराबंदरांतून करावी लागेल.