बॉनेटच्या रबराला तडा का जातो? एका जुन्या पिकअपची आणि लॉस एंजेलिसच्या धुरक्याची गोष्ट

आजचा भाग थोडा विचित्र आहे. विषय आहे रबराची एक पट्टी. आपल्याकडे गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. दाराला, काचेला, डिकीला असते तीच. पण आपली पट्टी बॉनेटची आहे, आणि तिच्या मागे एका अख्ख्या शहराचा इतिहास दडलाय. मला हे माहीत नव्हतं, कळलं ते हात काळे झाल्यावर.

झालं असं, की कामासाठी काही महिने मी लॉस एंजेलिसजवळ होतो. टीममधल्या एकाकडे त्याच्या आजोबांची १९५३ची फोर्ड एफ-१०० पिकअप आहे. फोर्डने एफ-१०० हे नाव त्याच वर्षी पहिल्यांदा वापरलं, त्यामुळे जुन्या गाड्यांचे शौकीन या ट्रकवर जीव टाकतात. एका शनिवारी तो म्हणाला, "बॉनेटचं रबर बदलायचंय, येतोस?" मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. गेले दोन दिवस.

आधी ही पट्टी करते काय ते सांगतो. बॉनेट मागे जिथे संपतं आणि समोरची काच सुरू होते, तिथे पत्र्याचा एक आडवा पट्टा असतो. बॉनेट बंद झालं की रबर या दोघांच्या मध्ये दाबलं जातं. पाणी अडतं, पत्र्यावर पत्रा आपटत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे इंजिनाचा वास केबिनमध्ये येत नाही. त्या काळच्या ट्रकमध्ये आत हवा यायची ती काचेच्या पुढच्या भागातूनच. रबर फाटलं की बॉनेटखालची गरम, पेट्रोल-ऑइलच्या वासाची हवा तिथूनच आत घुसते. मित्राची बायको त्या ट्रकमध्ये बसायलाच तयार नव्हती, डोकं दुखतं म्हणायची. म्हणून तर हा खटाटोप.

जुनं रबर काढलं तेव्हा एक गोष्ट खटकली. सरळ भागात ते कडक झालं होतं, पण अखंड होतं. वळणावर मात्र, जिथे ते ताणलं गेलं होतं तिथे, बारीक समांतर भेगा. सगळ्या ताणाच्या दिशेला बरोब्बर आडव्या. गोंदाखाली झाकलेली बाजू अजून बऱ्यापैकी मऊ. मी म्हणालो, उन्हाने वाळलं असणार. तो म्हणाला, "ऊन नाही. ओझोन." आणि मग मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

आता जरा मागे जाऊ. १९४२च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा जवळजवळ ९० टक्के पुरवठा तुटला. टंचाई इतकी, की त्या डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग आलं, ते मुख्यतः टायर वाचवण्यासाठी! लोक कमी फिरले की टायर कमी झिजतील, असं साधं गणित. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. दुसरीकडे कृत्रिम रबराचे कारखाने धडाधड उभे राहिले. त्यासाठी ब्युटाडाइन नावाचा वायू लागतो, आणि तो बनवणारा एक कारखाना लॉस एंजेलिसच्या ऐन मध्यवस्तीत होता.

२६ जुलै १९४३. भर दुपारी शहरावर धुरकं उतरलं. डोळ्यांतून पाणी, घसा जळतोय, पुढचे काही चौक सोडले तर काही दिसत नाही. युद्धाचे दिवस, लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. मग बोट गेलं त्या ब्युटाडाइनच्या कारखान्याकडे. तो काही काळ बंद ठेवला. धुरकं तरीही येतच राहिलं. म्हणजे बग सापडला म्हणून सर्व्हिस बंद केली आणि एरर तशीच! आमच्या क्षेत्रातल्यांना ही भावना चांगली माहीत आहे.

आता या गोष्टीत येतात आरी हागन-स्मिट. मूळचे डच, पासाडिनातल्या कॅलटेकमध्ये जैवरसायनाचे प्राध्यापक. काम काय, तर अननसाला वास कशामुळे येतो ते शोधणं. हवेतले नाजूक गंध गोठवून पकडायचं तंत्र त्यांच्या हातात होतं, तेच त्यांनी धुरक्यावर लावलं. १९५०च्या आसपास त्यांचा निष्कर्ष ठरला: पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वरून कॅलिफोर्नियाचं ऊन, हे तिन्ही एकत्र आले की ओझोन तयार होतो. बंद खोलीत ओझोन आणि पेट्रोलच्या वाफा सोडल्या तर पालकाची पानं अगदी धुरक्यात होतात तशीच करपली.

पण शहराच्या हवेत ओझोन मोजायचा कसा? इथे मला खरंच उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. या शहरात रबर लवकर तडकतं ही तक्रार आधीपासून होतीच. मग हागन-स्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रबराची पट्टी घेतली, वाकवली, हवेत ठेवली आणि पहिली भेग पडायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजलं. जितकी लवकर भेग, तितका जास्त ओझोन. वाकवलेली पट्टी, वळणावर आडव्या भेगा... मी दुपारी हातात धरलं होतं तेच!

हे का होतं? नैसर्गिक रबर काय किंवा युद्धातलं कृत्रिम रबर काय, दोन्हींच्या लांबलचक साखळीत मधेमधे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथे वार करतो आणि साखळी तुटते. रबर सैल असेल तर फारसं कळत नाही. ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लांब सरकतात, खाली नवं रबर उघडं पडतं, त्यावर पुन्हा वार. भेग अशी आत आत जाते.

म्हणजे गंमत बघा. आधी आरोप झाला रबराच्या कच्च्या मालावर, आणि शेवटी रबराच्या पट्टीनेच खरा गुन्हेगार दाखवला: मोटारी आणि तेलाचा धंदा. तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून हागन-स्मिट यांच्यावर जाहीर टीका झाली. हा गृहस्थ चिडला आणि अननस सोडून पूर्णवेळ याच कामाला लागला. पुढे वाहनांच्या धुरावर कॅलिफोर्नियात नियम आले. सुरुवात झाली ती इंजिनाच्या पोटातली गळकी वाफ पुन्हा इंजिनातच जाळणाऱ्या एका छोट्या व्हॉल्व्हपासून, १९६०च्या दशकाच्या आरंभी. मित्राच्या ट्रकमध्ये तो व्हॉल्व्ह नाही. त्याची वाफ एका नळीतून सरळ खाली रस्त्यावर जाते. १९६८मध्ये राज्याचं हवा संसाधन मंडळ कामाला लागलं तेव्हा पहिले अध्यक्ष हागन-स्मिटच होते.

बरं, रविवार. नवं रबर ईपीडीएमचं होतं. ते बाजारात आलं १९६०च्या दशकात, म्हणजे हा ट्रक बनला तेव्हा असलं काही अस्तित्वातच नव्हतं. यातले दुहेरी बंध मुख्य साखळीत नसून बाजूच्या फांद्यांवर असतात. ओझोनने फांदी तोडली तरी मेन ब्रँच सलामत! "शंभर टक्के ओरिजिनल" चा आग्रह धरणाऱ्यांना हे आवडत नाही, पण माझ्या मते इथे ओरिजिनलचा हट्ट वेडेपणाचा आहे. एक कच्चा दुवा मात्र आहे: ईपीडीएमला तेल चालत नाही, ते फुगतं. म्हणून त्याला साधं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, सिलिकोनचं ग्रीस लावा.

शनिवारची माझी चूक पण सांगून टाकतो. पट्टी सरळ बसावी म्हणून मी ती ओढून चिकटवली. सकाळी येऊन बघतो तर ती आखडलेली आणि टोकाला बोटभर फट. सगळं उपटलं. जुना गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, म्हणजे रंगाला ओरखडे नकोत. मग पट्टी मधोमध टेकवून दोन्ही बाजूंना नुसती ठेवत गेलो, उलट थोडी ढकलूनच, आणि मग गोंद. बॉनेट रात्रभर अलगद टेकवून ठेवलं. सोमवारी ऑफिसआधी कागदाची चाचणी केली: पट्टीवर कागद ठेवायचा, बॉनेट लावायचं आणि कागद ओढायचा. सगळीकडे सारखा अडकला पाहिजे. डाव्या कोपऱ्यात सहज निघाला, तेव्हा त्या बाजूचा रबरी टेकू अर्धा फेरा खाली घेतला.

मग बायकोला घेऊन तो एक चक्कर मारून आला. ती उतरली आणि म्हणाली, वास अजून येतोय, पण कमी. आता संशय पायाशी जिथून पेडलचे दांडे आत येतात तिथल्या रबरावर आहे. ते पुढच्या शनिवारी.